शहरासाठी निवडणारं माणूस

मागच्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांचं चित्रप्रदर्शन ठाण्यातल्या एका सभागृहात भरलं होतं. शुक्रवार ते रविवार असं तीन दिवसांचं भाडं भरलेलं. रविवारी संध्याकाळी सात वाजता लोक अजून चित्रं बघत होते आणि दाराशी कापडाचे गठ्ठे येऊन पडायला लागले. सोमवारपासून तिथे साड्यांचा सेल होता. घाईघाईत चित्रं उतरवताना एका मुलाने महिनाभर खपून केलेल्या, कळव्याच्या खाडीच्या जलरंगाचा कोपरा फाटला. तो काही बोलला नाही, चित्र गुंडाळून घरी घेऊन गेला. सेलवाल्यांचा त्यात दोष नव्हता, त्यांनीही रीतसर पैसे भरले होते. आमच्या आधीच्या आठवड्यात तिथे वधूवर मेळावा झाला होता. सभागृहाच्या वहीत आम्ही तिघे सारखेच होतो: तारीख, भाडं, अनामत.

त्या प्रदर्शनातली चित्रं निवडण्याचं, त्यांचा क्रम लावण्याचं आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहिण्याचं काम माझ्या एका माजी विद्यार्थिनीने केलं होतं. तिने चित्रं इयत्तेप्रमाणे लावली नाहीत, बक्षिसांप्रमाणेही नाहीत. दारातून शिरताच स्टेशनची गर्दी, मग बाजारपेठ, मग तलावपाळी आणि शेवटच्या भिंतीवर खाडी. फिरता फिरता माणूस गर्दीतून निघून पाण्याशी येऊन थांबायचा. सातवीतल्या एका मुलीचं पेन्सिलचं छोटं रेखाटन तिने मोठ्या तैलचित्राच्या शेजारी लावलं होतं, आणि लोक त्या रेखाटनापाशी जास्त वेळ थांबत होते. वीस-बावीस वर्षं चित्रकला शिकवते आहे, पण त्या मुलीच्या हाताची ताकद मला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी या विद्यार्थिनीचे वडील आले. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते नोकरी करतात. सगळं नीट, सावकाश पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पोरगी म्हणते क्युरेटर व्हायचंय. काम चांगलं केलंय, ते दिसतंय मला. पण एवढंच सांगा, याची नोकरी लागते कुठे?" मी व्हेनिस सांगितलं, लंडन सांगितलं, कोची सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ठाण्यात?"

त्यांच्या त्या प्रश्नापायी हा लेख लिहिते आहे.

आधी शब्दाचंच बघू. क्युरेटरला आपल्याकडे सरकारी मराठीत 'अभिरक्षक' म्हणतात. वस्तुसंग्रहालयातल्या मूर्ती, नाणी, ताम्रपट सांभाळणारा तो अभिरक्षक. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थही काळजी घेणं असाच आहे, म्हणजे भाषांतर चुकलेलं नाही. पण समकालीन कलेत ज्याची काळजी घ्यायची ती गोष्ट अजून ठरलेली नसते, कधी कधी ती अजून तयारही झालेली नसते. चित्रकार जिवंत असतो, काम सुरू असतं, आणि त्यातलं काय, कोणाशेजारी, कोणासमोर, कशासाठी ठेवायचं हे कोणीतरी ठरवावं लागतं. मला त्यासाठी आपलं घरातलं 'निवडणं' हे क्रियापद जवळचं वाटतं. तांदूळ निवडताना खडा बाजूला काढणं हा एक भाग झाला, पण ताटावरची नजर हटू न देणं हा खरा भाग.

नाटकवेड्या ठाण्याला हे पटवणं अवघड जाऊ नये. गडकरी रंगायतन 1978 पासून या शहरात उभं आहे, आणि नाटकाच्या जाहिरातीत दिग्दर्शकाचं नाव कशाला असतं असं इथे कोणी विचारत नाही. पण संगीत नाटकांच्या काळात हाच माणूस 'तालीममास्तर' होता. किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल तालीम देत, आणि प्रेक्षक मात्र गाण्यासाठी येत. नटांचा अभिनय, पदांची जागा, प्रवेशांचा तोल यामागे कोणाची तरी नजर आहे, आणि त्या नजरेला स्वतंत्र नाव आणि मानधन द्यायला हवं, हे मराठी माणसाला पटायला बराच काळ जावा लागला. चित्रांच्या बाबतीत आपण अजून तालीममास्तरच्या काळात आहोत.

जगात ही नजर स्वतंत्र पेशा म्हणून उभी राहिली त्यालाही फार वर्षं झालेली नाहीत. हाराल्ड झेमान स्वित्झर्लंडमध्ये बर्न शहराच्या कलादालनाचे संचालक होते. 1969 मध्ये त्यांनी तिथे तरुण कलावंतांचं असं प्रदर्शन केलं की गाव खवळलं. झेमान यांनी नोकरी सोडली आणि ते स्वतंत्रपणे प्रदर्शनं रचू लागले. तिथून हा व्यवसाय धरला जातो. 1972 मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात दर काही वर्षांनी भरणारं 'डॉक्युमेंटा' हे मोठं कलाप्रदर्शन त्यांनी केलं, तेव्हा चित्रकार दानियल ब्यूरेन यांनी आक्षेप घेतला की आता प्रदर्शनच कलाकृती होऊन बसतं आहे आणि कलावंत त्यातले नुसते रंग उरले आहेत. हा आक्षेप आजही तितकाच खरा आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. क्युरेटर हा पेशा जन्मला तेव्हापासून त्याला जाब विचारणारेही त्याच्याबरोबर आहेत.

पदवी कोणती घ्यावी, हा पालकांचा पुढचा प्रश्न. या पेशातले गाजलेले ओक्वी एन्वेझोर नायजेरियात जन्मले, अमेरिकेत राज्यशास्त्र शिकले, न्यूयॉर्कमध्ये कविता वाचत. 1994 मध्ये त्यांनी आफ्रिकी समकालीन कलेवर एक नियतकालिक काढलं. 2002 च्या डॉक्युमेंटाचे ते संचालक झाले, युरोपाबाहेरचे पहिले. ते प्रदर्शन त्यांनी एकट्या कासेलमध्ये भरवलं नाही. त्याआधी वेगवेगळ्या देशांत चर्चासत्रं घेतली, त्यातलं एक नवी दिल्लीत झालं. 2015 मध्ये व्हेनिस बिनाले, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, तेही त्यांनी केलं. 2019 मध्ये ते गेले तेव्हा जगभरच्या संग्रहालयांच्या भिंती त्यांच्यामुळे बदललेल्या होत्या.

पण माझ्या विद्यार्थिनीला मी वाचायला सांगते ते कोयो कुओ यांच्याबद्दल. जन्म 1967 चा, कॅमेरूनमधल्या डुआला शहरातला. लहान असतानाच त्या झ्युरिकला गेल्या, व्यवसाय प्रशासन आणि बँकिंग शिकल्या, स्थलांतरित स्त्रियांसाठी समाजकार्य केलं. झ्युरिकमध्ये आयुष्य मार्गी लागलं असतं. त्या 1990 च्या दशकात सेनेगलमध्ये, डकारला जाऊन राहिल्या. तिथे 2008 मध्ये त्यांनी 'रॉ मटेरियल कंपनी' नावाची संस्था सुरू केली. ग्रंथालय, कलावंतांना येऊन राहायला जागा, बोलायला चार खुर्च्या, तरुणांसाठी शिकवणी. पुढे 2019 मध्ये केप टाउनच्या मोठ्या संग्रहालयाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये 2026 च्या व्हेनिस बिनालेच्या क्युरेटर म्हणून त्यांची निवड झाली. या जागी निवड झालेल्या त्या पहिल्या आफ्रिकी स्त्री. मे 2025 मध्ये त्यांचं निधन झालं. प्रदर्शन त्यांच्याच आराखड्याप्रमाणे करायचं, असं बिनालेने ठरवलं.

आंतरराष्ट्रीय म्हणवणारी ही कारकीर्द विमानतळावर सुरू झालेली नाही, डकारमधल्या एका जागेत सुरू झाली. आपल्याकडे पालक आणि विद्यार्थी दोघेही हे उलटं धरतात. आधी परदेश, मग नाव, मग जमलं तर गावासाठी काहीतरी. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मुंबईतच चित्रकार म्हणून घडले, आणि 2012 मध्ये केरळात जाऊन त्यांनी कोची-मुझिरिस बिनाले उभं केलं. जुन्या वखारींमध्ये. पुढच्या दोन आवृत्त्या जितिश कल्लाट आणि सुदर्शन शेट्टी या मुंबईच्याच चित्रकारांनी क्युरेट केल्या. मुंबईत घडलेली ही माणसं. त्यांच्यासाठी जागा मात्र कोचीने केली. लोकलने तासाभरावर असलेल्या ठाण्याने किंवा वाशीने ती करावी, असं कोणाच्या मनातही आलं नसावं.

आणि तरीही ठाण्याजवळ या कामाचा वारसा आहे, तोही अस्सल.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचा मराठी चित्रकार तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर फिरत होता. त्याआधी बिहारमधल्या दुष्काळात, हस्तकलांचं सरकारी काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्याला मिथिलेत पाठवलं होतं, तिथल्या बायकांच्या हाती त्याने कागद दिला होता. डहाणूकडे त्याला जिव्या सोमा मशे भेटले. तांदळाच्या पिठाने भिंतीवर रेखाटणारा हा माणूस काय दर्जाचा आहे हे कुलकर्णींनी ओळखलं आणि त्यांच्या हाती कागद आणि रंग दिले. 1975 मध्ये मशे यांची चित्रं मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली. 1989 मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात जाँ-युबेर मार्तँ यांनी युरोप-अमेरिकेतले आणि बाकीच्या जगातले कलावंत बरोबरीने मांडणारं जे गाजलेलं प्रदर्शन केलं, त्यात मशे होते. पुढे ब्रिटिश शिल्पकार रिचर्ड लाँग यांच्या जोडीने त्यांचं काम जर्मनीत दाखवलं गेलं. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. भास्कर कुलकर्णींना कोणी क्युरेटर म्हटलं नाही. पण पाड्यापासून पॅरिसपर्यंतच्या या वाटेवरचा पहिला माणूस तोच होता.

यात एक गोष्ट निसटते आणि ती मी मुलांना मुद्दाम सांगते. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणं हे वारल्यांमध्ये सुवासिनींचं काम. पालघट देवीचा तो चौक बायका लिहीत, आणि लग्नविधी करणाऱ्या धवलेरी गाणी गात. जगात नाव झालं ते एका पुरुषाचं. मशे मोठे कलावंत होते यात शंका नाही. तरी निवड झाली की कोणीतरी बाहेर राहतं. त्या बायकांची नावं कुठे आहेत, हा प्रश्न आपण आज विचारू शकतो, कारण निवडणारा कोण होता, त्याने काय पाहिलं, कोणाला कागद दिला, हे आपल्याला माहीत आहे.

आता आपल्या उड्डाणपुलांखालून चला. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, खांबांवर वारली आकृत्या नाचताहेत. तारपा वाजवणारा मध्ये, भोवती फेर. कंपास घेऊन काढल्यासारखा गोल. कोणी काढलं? खाली बहुधा नाव नसतं. वारली समाजातल्या कोणाच्या हातचं आहे की स्टेन्सिल ठेवून मारलेलं? त्या हाताला किती पैसे मिळाले? याच खांबांवर वारलीच का, आगरी-कोळ्यांच्या लग्नातल्या धवल्यांचं, म्हणजे लग्नगीतांचं, काही का नाही? वागळे इस्टेटमध्ये तीस-तीस वर्षं यंत्रं चालवलेल्या माणसांचं काही का नाही? विचारायचं कोणाला? सुशोभीकरणाच्या कामात चौरस फुटाचा दर ठरतो, मुदत ठरते, रंगाची कंपनी ठरते. चित्र कोणी ठरवलं याचा रकानाच नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. निवड होतेच. जिथे निवडणारं कोणी नेमलेलं नाही तिथेही ती होते. ठेकेदार करतो, वेळ करते, जो आधी भाडं भरेल तो करतो. शहराने ठरवायचं आहे ते हे की निवडणाऱ्याला नाव असावं की नसावं, आणि त्याला जाब विचारता यावा की नाही. मला ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांत पूर्णवेळ, पगारी, शिकलेला क्युरेटर हवा आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. शेजारच्या मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेच्याच मालकीचं आहे. ते अगदी मोडकळीला आलं होतं. 2003 मध्ये महापालिका, एक वारसा संस्था आणि एक खासगी प्रतिष्ठान यांचा करार झाला, दुरुस्ती झाली, 2008 मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि नंतर तिथल्या जुन्या मातीच्या प्रतिकृतींच्या आणि नकाशांच्या सान्निध्यात आजचे चित्रकार बोलावले जाऊ लागले. महापालिकेला हे जमत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही. ठाण्यात नवं काही बांधायलाही नको. पदासाठी लागेल तो एका अधिकाऱ्याचा पगार. भिंती रंगवायचा खर्च तर आपण करतोच आहोत.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. पद निर्माण केलं की वतन तयार होतं. आपल्या वशिल्याचा माणूस बसतो, त्याच्या गटातले चार चित्रकार सगळीकडे दिसतात, बाकीचे उंबऱ्याबाहेर. हा धोका मी स्वतः कलाक्षेत्रात वावरून पाहिला आहे आणि मला तो हलका करायचा नाही. म्हणून मुदत हवी. डॉक्युमेंटाला दर खेपेला नवा संचालक असतो, कोचीलाही प्रत्येक आवृत्तीला क्युरेटर बदलतो. तीन वर्षं, मुदतवाढ नाही, आणि दरवर्षी शहरासमोर उभं राहून सांगायचं: मी हे निवडलं, या कारणासाठी, एवढे पैसे दिले. जाब विचारला जाणं या पेशात नवीन नाही. 2022 च्या डॉक्युमेंटात एका मोठ्या फलकावरच्या ज्यूविरोधी चित्रणावरून रान पेटलं, फलक उतरवावा लागला, महासंचालिकेला पद सोडावं लागलं. कोण बरोबर, कोण चूक यावर अजून भांडणं आहेत. पण कोणाला विचारायचं ते लोकांना माहीत होतं.

नुसता क्युरेटर नेमून भागत नाही, हेही कोचीने दाखवलं. 2022 ची आवृत्ती 12 डिसेंबरला उघडायची होती, ती 23 डिसेंबरला उघडली. कलावंतांनी जाहीर पत्र लिहून व्यवस्थेवर नाराजी सांगितली. दृष्टी कितीही मोठी असो, खोकी वेळेवर आली नाहीत, छप्पर गळलं, विजेचं काम राहिलं, तर सगळं वाया. आमच्या त्या तीन दिवसांच्या प्रदर्शनात हे आम्ही लहान प्रमाणात भोगलं आहे.

"हे सगळं मोठ्या शहरांचं" असंही म्हणतात. कासेलची वस्ती दोन लाखांच्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहर 18 लाखांच्या वर आणि नवी मुंबई 11 लाखांच्या वर होती. दुसऱ्या महायुद्धात कासेल बेचिराख झालं. आर्नोल्ड बोडे हा तिथलाच चित्रकार आणि शिक्षक, नाझींच्या काळात त्याच्यावर बंदी आलेली. 1955 मध्ये शहरात देशपातळीवरचं बागकाम प्रदर्शन भरणार होतं. बोडे म्हणाला, फुलझाडं बघायला लोक येणारच आहेत, तर बाँबने पडझड झालेल्या संग्रहालयात आपण आधुनिक चित्रं लावू. त्यातून डॉक्युमेंटा जन्मलं. 2017 मध्ये एकट्या कासेलमध्ये सुमारे 9 लाख माणसं ते बघायला आली. ठाणे महापालिकेचं 'वृक्षवल्ली' प्रदर्शन बघायला मी मुलांना घेऊन जाते तेव्हा दर वेळी मला बोडे आठवतो. गुलाबांच्या कुंड्यांपाशी उभ्या असलेल्या त्या हजारो ठाणेकरांना दहा पावलांवर चित्रंही दाखवता येतील. वागळे इस्टेटमध्ये बंद पडलेल्या शेड आहेतच.

आणि दाखवायला काय आहे? सुधीर पटवर्धन 1975 पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. दिवसा एक्स-रे आणि उरलेल्या वेळात कॅनव्हास. रेल्वेरूळ, कारखाने, पोखरण रस्त्यालगतच्या वस्त्या, इराण्याच्या हॉटेलात एकटा बसलेला माणूस, हे सगळं त्यांनी भारतीय चित्रकलेत कायमचं आणून ठेवलं. 2019 च्या अखेरीस त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन नॅन्सी अदजानिया यांनी रचलं. दक्षिण कोरियातल्या 2012 च्या ग्वांगजू बिनालेच्या सह-कलासंचालक होत्या त्याच या. ते लागलं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. ठाण्याचं चित्रण बघायला ठाणेकरांनी लोकल पकडून फोर्टात जायचं. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा माझ्याबरोबर नऊ मुलं होती. त्यातला एक जण चित्रातला पूल ओळखून ओरडला, तेव्हा सुरक्षारक्षकाने दटावलं, आणि मला त्या मुलाचा अभिमान वाटला.

पटवर्धनांनी स्वतःही हे काम केलं आहे. 2008-09 मध्ये त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन रचून महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेलं. मूळ चित्रं, छापील प्रती नव्हेत. एक चित्रकार हे करू शकतो तर एका महापालिकेला का करता येऊ नये?

नवी मुंबईची गोष्ट थोडी निराळी. तिथे बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात रचलेली वसाहत आहे, तिचं नावच आर्टिस्ट व्हिलेज. सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही, म्हणजे प्रत्येकाला आपापलं घर वाढवता यावं. सिडकोने एका वसाहतीचं नाव कलावंतांवरून ठेवलं, ही लहान गोष्ट नाही. त्या नावाला जागेल असं काही तिथे रुजवायला चाळीस वर्षांनीही उशीर झालेला नाही. आता तर शहरात विमानतळ आला आहे. मुंबईच्या टर्मिनल 2 मध्ये राजीव सेठी यांनी हजारो वस्तूंचं कलादालन रचलं आणि 2014 पासून प्रवासी ते बघत चालतात. नवी मुंबईत उतरणाऱ्या माणसाला आपण काय दाखवणार? खाडीतले फ्लेमिंगो दाखवा, ते आपलेच आहेत. पण ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहिलं, ज्यांच्यातले पाच जण 1984 मध्ये जासईच्या शेतकरी आंदोलनात गोळीबाराला बळी पडले, त्यांच्या नातवंडांमध्ये कोणी चित्र काढत असेल, त्याला शोधायला पाड्यांवर फिरणारा कोणी भास्कर कुलकर्णी नेमा.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलं गर्दी करतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकच घेऊन येतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. त्या निमित्ताने हात बसतो. मग दहावीनंतर वही बंद. कारण पुढे शिक्षक, जाहिरात किंवा उपाशी चित्रकार एवढेच तीन रस्ते घरात माहीत असतात. शहरात एक पद असेल, त्या पदावरचं माणूस वर्षातून एकदा शाळेत येऊन बोललं, तर चौथा रस्ता आहे हे कळेल.

त्या विद्यार्थिनीने आणि मी मिळून महापालिकेसाठी अर्ज लिहिला आहे. मागण्या तीन. एक पद, तीन वर्षांच्या मुदतीचं. सार्वजनिक भिंतीवरच्या प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं आणि निवडणाऱ्याचं नाव. आणि शहरातल्या एका तरी दालनाचे वर्षातले काही महिने भाड्याने न देता क्युरेटरच्या हाती. मसुद्यात तिने आणखी एक ओळ घातली होती, ती मी तशीच ठेवली: पालिकेच्या इमारतींच्या जिन्यांवर आणि दालनांत आज जी चित्रं टांगलेली आहेत, त्यांची यादी करायला आम्ही दोघी विनामूल्य तयार आहोत. तिच्या वडिलांनी अर्ज वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि कंपनीतून येताना झेरॉक्स काढून आणल्या. सोमवारी आवक शाखेत देऊन शिक्का मारलेली प्रत घ्यायची आहे. ते म्हणाले, अर्धा दिवस रजा टाकतो, मीही येतो.